सुटेल अशी गाठ

घरातली कामं आटोपून अर्धा-पाऊण तास निवांत मिळेल अशी वेळ निवडा. जमिनीवर सतरंजी अंथरा. टेबलापेक्षा जमीन बरी. कापड पसरायला जागा लागते आणि वस्तूभोवती हात मोकळेपणाने फिरतात. फोन दुसऱ्या खोलीत राहू द्या. जी वस्तू भेट द्यायची आहे ती समोर ठेवा. तिच्यावर किमतीचं लेबल असेल तर आधी तेवढं काढा. कोमट पाण्यात भिजवून पिळलेला फडका लेबलावर थोडा वेळ ठेवला की कागद सुटतो, आणि मागे उरलेला चिकटपणा खोबरेल तेलाच्या थेंबाने जातो. पुस्तकावर मात्र पाणी नको आणि तेलही नको. तिथे हेअर ड्रायरची गरम हवा पुरते. नखाने ओरबाडू नका. हे पहिलं काम मुद्दामच सावकाश करायचं आहे. किंमत निघाली की वस्तू दुकानातून खऱ्या अर्थाने घरी येते. थोड्या वेळाने ती दुसऱ्या कुणाची होईल. या दोहोंच्या मधला वेळ आज आपल्याला पुरता वापरायचा आहे.

वस्तू दोन्ही हातांत घ्या. डोळे मिटा. तिचं वजन कुठे आहे ते शोधा. तळाशी आहे, एका बाजूला आहे, की सगळीकडे सारखं? उदाहरणापुरती आपण लिंबाच्या लोणच्याची काचेची बरणी घेऊ. तिचं वजन तळाशी आहे. खांद्याशी ती निमुळती होते. झाकण फिरकीचं आहे, आणि लोणच्याचा खार घट्ट झाकणातूनही वाट काढतो, म्हणून ती आडवी होता कामा नये. बघा, कसं बांधायचं ते अर्धंअधिक बरणीनेच सांगून टाकलं. खालून आधार, वर गाठ, आणि गाठीतच उचलायला जागा. पुस्तक वेगळं सांगेल. त्याचे कोपरे आधी दुखावतात. साडीला चुरगळणं सोसत नाही. कुंडीतल्या रोपाला वरून मोकळं राहायचं असतं. वस्तूला हातांनी असं विचारून न घेता कात्री हातात घेतली, की कागद अपुरा पडतो, चिकटपट्टीवर चिकटपट्टी चढते आणि मन वैतागतं. तेव्हा कात्री अजून लांबच असू द्या.

आता वस्तू खाली ठेवा आणि ती उघडणाऱ्या माणसाचे हात आठवा. चेहरा लगेच आठवतो. त्याला बाजूला ठेवून हातांकडे या. बोटांचे सांधे सुजलेले आहेत का? नखं बारीक कापलेली असतात का? चष्मा नसताना त्या व्यक्तीला दोऱ्याचं टोक दिसेल का? तिला यापूर्वी काही उघडताना तुम्ही पाहिलं असेल, ते आठवा. काही जणी चिकटपट्टी अलगद सोडवतात, कागदाला जराही इजा होऊ देत नाहीत, मग त्याची घडी घालून तो गादीखाली सपाट करायला ठेवतात. आपल्या आधीच्या पिढीतल्या कितीतरी बायकांच्या ट्रंकांमध्ये असे कागद जपलेले असायचे. लहान मूल एका हिसक्यात सगळं फाडतं, आणि फाटण्याचा तो आवाज त्याच्या आनंदाचाच भाग असतो. या दोघांसाठी एकच वेष्टन कसं चालेल?

इथे थोडं थांबा. मला या सगळ्या कामात सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच. भेट बांधताना काम आपले हात करत असतात, पण मनात दुसऱ्याचे हात असावे लागतात. जे आपण आवळतो ते त्याला सोडवायचं आहे. मुलासाठी बांधत असाल तर पतंगी कागद दोन थरांत घ्या. तो रंगीत असतो, पातळ असतो आणि बोट घातलं की फाटतो. म्हाताऱ्या आत्यासाठी बांधत असाल तर चिकटपट्टी अजिबात नको. एक टोक ओढलं की सुटेल अशी सुरगाठ हवी, आणि ते टोक जाडसर, लांब, तिच्या नेमक्या हाताला येईल असं. नजर अधू असेल तर टोकाला एक मोठा मणी ओवा. बोटांना तो सापडतो. संधिवाताने आखडलेल्या बोटांना बारीक सॅटिनची रिबीन धरता येत नाही, सुती नाडी धरता येते. अशा गोष्टी कुठल्याही दुकानातल्या बांधून देणाऱ्याला ठाऊक नसतात. तुम्हाला असतात. घरी बांधण्याचं कारण एवढंच आहे, आणि ते पुरेसं आहे.

उठा, घरात काय आहे ते बघून या. कपाटाचा तळ, शिवणाचा डबा, रद्दीचा गठ्ठा. जुन्या सुती साडीचे काठ सापडतील. गुळेदगुड्डच्या मागावर विणलेल्या खणाचा एखादा तुकडा असेल. ओटीत आलेले, या घरातून त्या घरात फिरत राहिलेले ब्लाउजपीस असतील. बांधणीची ओढणी असेल, जिच्याबरोबरचा कुर्ता केव्हाच विरला. मिठाईच्या खोक्यावरची लेस, नाडी, सुतळी, जूनमध्ये वह्या-पुस्तकांना कव्हरं घालून उरलेला खाकी कागद, ‘कालनिर्णय’ची उलटून गेलेली पानं. जे जे हाताला लागेल ते आणून सतरंजीवर मांडा. यातलं काय वापरायचं ते अजून ठरवू नका. नुसतं बघा. कापडांवरून हात फिरवा. जुनं सुती कापड किती मऊ झालेलं असतं, आणि नवं खळीचं कापड हाताखाली कसं ताठ राहतं, हे बोटांना कळू द्या.

मांडामांड करताना मनात एक संकोच डोकावेल. घरातल्या जुन्यात बांधून कसं द्यायचं? लोक काय म्हणतील? हा संकोच दडपू नका, त्याच्याजवळ बसा. तो फार जुना आहे. भागवताच्या दहाव्या स्कंधात सुदाम्याची कथा येते. घरात देण्यासारखं काही नव्हतं. त्याच्या बायकोने शेजारपाजारच्या घरांतून चार मुठी पोहे मागून आणले, कापडाच्या तुकड्यात बांधले आणि नवऱ्याच्या हाती दिले. द्वारकेत पोचल्यावर सुदाम्याला ती पुरचुंडी पुढे करवेना. त्याने मान खाली घातली. ती कृष्णानेच काढून घेतली, सोडली आणि एक मूठ तोंडात टाकली. दुसरी मूठ उचलताना रुक्मिणीने त्याचा हात धरला. कीर्तनांतून हा प्रसंग आपण ऐकत आलो, आणि दर वेळी आपलं लक्ष द्वारकेच्या सोन्याकडे किंवा मित्रांच्या मिठीकडे जातं. आज जरा त्या झोपडीत थांबा. बायको पोहे बांधते आहे. घरात असलेल्या चिंध्यांतून तिने एक निवडली असेल. कुठली निवडली असेल? धुतलेली तर नक्कीच. जिच्यातून पोहे गळणार नाहीत अशी, भोक नसलेली. लांब चालत जायचं आहे, म्हणून गाठ पक्की. तरी उघडताना फाटू नये अशी. तिने केलेला हा सगळा विचार त्या गाठीत होता. लाज सुदाम्याला वाटली, तिला नाही. तिने तर देण्यासाठी स्वतः घरोघर हात पसरले होते. मला ही बाई या कथेतली सर्वांत मोठी दात्री वाटते.

संकोच थोडा निवळला असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. ज्या चकचकीत कागदाशिवाय भेट अपुरी वाटते, त्याची रीत फार जुनी नाही. अमेरिकेत कॅन्सस सिटीत हॉल बंधूंचं दुकान होतं, पुढे जे हॉलमार्क म्हणून जगभर प्रसिद्ध झालं. १९१७ च्या नाताळात त्यांच्याकडचा भेटी गुंडाळायचा साधा पातळ कागद संपला, म्हणून त्यांनी लिफाफ्यांच्या आत लावायचा नक्षीदार फ्रेंच कागद दहा सेंटला एक ताव असा विकायला ठेवला. तो हातोहात खपला. पुढे ते असा कागद स्वतःच छापू लागले. पारदर्शक चिकटपट्टी तर त्यानंतरची. थ्रीएम कंपनीतल्या रिचर्ड ड्रूने ती १९३० मध्ये तयार केली. त्याआधी माणसं हजारो वर्षं भेटी देतच होती. आज बाजारात मिळणाऱ्या पुष्कळशा चमचमत्या कागदांवर प्लास्टिकचा किंवा धातूचा थर असतो. त्याची परीक्षा सोपी आहे. कागद मुठीत चुरगळा आणि मूठ उघडा. चुरगळलेलाच राहिला तर तो कागद. हळूहळू पुन्हा पसरू लागला तर त्यात प्लास्टिक आहे. रद्दीत त्याला मोल नाही, आणि मातीत तो कुजत नाही. पाच मिनिटांच्या शोभेसाठी अशी वस्तू घरात आणू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

चला, बरणी घेऊ. तिला कापड हवं.

बरणी पंधरा सेंटिमीटर उंच आणि दहा सेंटिमीटर रुंद असेल, तर पंचावन्न ते साठ सेंटिमीटर बाजूचा चौकोन पुरतो. साडीतून काढणार असाल तर कात्रीने फक्त काठाशी एक छोटी चीर द्या आणि उरलेलं हाताने फाडा. सुती कापड आपल्या धाग्याच्या रेषेत फाटतं आणि कडा सरळ निघते. तो आवाज ऐका. ही साडी कुणी नेसली होती, कुठल्या लग्नात, कुठल्या दुखण्यात, ते मनात येईल. येऊ द्या. फाडवत नसेल तर ती साडी ठेवून द्या आणि दुसरं कापड घ्या. यात कसलीही जबरदस्ती नाही. कडांना तुरपाई घाला, किंवा चारही बाजूंचे दोन-चार धागे ओढून झालर सोडा.

कापड सतरंजीवर असं पसरा की त्याचा एक कोपरा तुमच्याकडे येईल. बरणी मधोमध ठेवा. जवळचा आणि समोरचा असे दोन कोपरे उचला, झाकणावर आणा आणि बांधा. उजवं टोक डाव्यावरून, मग डावं उजव्यावरून. ही दुसरी पायरी महत्त्वाची. दोन्ही वेळा एकाच बाजूचं टोक वरून नेलं, तर गाठ तिरकी बसते आणि ओझ्याने निसटते किंवा चिणून बसते. नीट बांधलेली गाठ आडवी, चपटी आणि शांत दिसते. आता उरलेले दोन कोपरे घ्या. त्यांना बरणीच्या पोटावरून वर आणताना सुरकुत्या बोटांनी एका दिशेला वळवा, त्यांच्या चुण्या होतील. हे दोन कोपरेही वर तसेच बांधा, पण टोकं लांब सोडा, आणि त्या टोकांना शेवटी पुन्हा एक गाठ मारून कडी करा. बरणी आता कडीने उचलता येते. उचलून बघा. हलते का? तळ नीट बसला आहे का?

आणि आता ती सोडून बघा. हे विचित्र वाटेल, एवढं बांधलेलं सोडायचं! पण एकदा तरी सोडावंच. चपट्या गाठीचं एक टोक धरून, ते जिथून आलं त्याच दिशेला उलटं, सरळ ताणा. गाठ फिरते, तिचा पीळ मोडतो आणि दुसऱ्या टोकावरून ती घसरून येते. नख लावावं लागत नाही. आपण जे दुसऱ्याला करायला सांगतो आहोत ते आधी स्वतःच्या हातांनी केलेलं असावं. मग पुन्हा बांधा. या वेळी हात आपोआप चालतील आणि मन मोकळं असेल. त्या मोकळ्या मनात त्या माणसाला येऊ द्या. तो तुमच्याशी शेवटचं काय बोलला होता? त्याला लोणचं जेवणात लागतं की नुसतं भाताबरोबर? त्याच्याविषयी काही राहून गेलेलं, बोलायचं टळलेलं असेल, तेही वर येईल. त्याच्याशी भांडू नका. कापडाच्या चुण्या सरळ करत राहा.

जपानमध्ये या चौकोनी कापडाला फुरोशिकी म्हणतात आणि ते बांधण्याच्या कितीतरी तऱ्हा तिथे रूढ आहेत. २००६ मध्ये तिथल्या तेव्हाच्या पर्यावरणमंत्री युरिको कोइके यांनी प्लास्टिकच्या पिशव्या कमी व्हाव्यात म्हणून टाकाऊ बाटल्यांपासून केलेल्या धाग्याची फुरोशिकी तयार करवून तिचा प्रचार केला. कोरियात बोजागी असते. तिचा एक प्रकार शिवणकामातून उरलेले तुकडे जोडून करतात, आणि तो बघताना आपल्याकडच्या गोधडीची आठवण होतेच. आपल्याकडे तर कापडात बांधण्याची केवढी सवय होती. लग्नाचा बस्ता, प्रवासाची शिदोरी, देवाची पोथी, सगळं कापडात. पेशवे दप्तराचे कागद पुण्यात रुमालांत बांधून ठेवलेले आहेत, असे हजारो रुमाल. त्यातून निवडलेल्या कागदांचे पंचेचाळीस खंड गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात प्रसिद्ध केले. हिशेब, पत्रं, बातम्या लिहून कारकुनांनी ज्या गाठी मारल्या होत्या त्या शे-दीडशे वर्षांनी दुसऱ्या कुणीतरी सोडल्या, आणि कागद हाती आले. गाठ मारताना त्या कारकुनाच्या मनात आपला अभ्यास करणारा कुणी नव्हता. तरी त्याने सुटेल अशीच गाठ मारली होती. मला हा विचार फार धीर देतो.

पुस्तक कागदात जाईल. खाकी कागद घ्या, किंवा ‘कालनिर्णय’चं पान. हे कॅलेंडर १९७३ पासून घरोघरी आहे आणि त्याच्या पानामागे वाचायचा मजकूर असतो. ज्याला द्यायचं त्याच्या वाढदिवसाच्या महिन्याचं पान काढून ठेवलेलं असेल तर त्याहून चांगलं वेष्टन नाही; तारखेचा चौकोन बरोबर वरच्या बाजूला येईल असं बसवा. वर्तमानपत्र वापरत असाल तर पान वाचून निवडा. उघडणारा माणूस वाचणार आहे. निधनवार्तांचं पान नको, अपघाताच्या बातमीचं नको. शब्दकोडं असलेलं चालेल, गावच्या जत्रेचा फोटो असलेलं तर फारच छान. खाण्याच्या वस्तूला मात्र वर्तमानपत्र लागू देऊ नका. छपाईची शाई अन्नात उतरते, म्हणून देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही २०१६ मध्ये तसं बजावलं आहे. लाडू-वड्या द्यायच्या तर आधी डबा किंवा केळीचं पान, मग त्यावर काय हवं ते.

चौरस खोकं असेल तर कागदही चौरस घ्या आणि खोकं त्यावर तिरकं ठेवा, म्हणजे कागदाचे कोपरे खोक्याच्या बाजूंसमोर येतील. कागदाची बाजू किती हवी? खोक्याच्या वरच्या चौकोनाचा कर्ण मोजा आणि त्यात उंचीची दीडपट मिळवा. दहा सेंटिमीटरचा चौकोन आणि सहा सेंटिमीटर उंची असेल, तर कर्ण साधारण चौदा, त्यात नऊ; म्हणजे तेवीस-चोवीस सेंटिमीटरचा कागद. चारही कोपरे वर मध्यावर येऊन भेटतात, आणि तिथे चिकटपट्टीऐवजी दोरा पुरतो. हा हिशेब एकदा करून बघा. भूमितीतला कर्ण असा हाताखाली येतो तेव्हा खूप बरं वाटतं.

दोऱ्याची गोष्ट निघाली म्हणून सांगावंसं वाटतं. वाण्याच्या दुकानात वर टांगलेल्या रिळातून दोरा खाली यायचा. पुडी बांधून वाणी चार फेरे घालायचा, बोटाला पीळ देऊन हिसक्याने तोडायचा, आणि ती पुडी घरापर्यंत सुटायची नाही. घरी आल्यावर आई दोऱ्याचं टोक शोधून तो सगळा उलगडायची आणि काडीला गुंडाळून ठेवायची. फेरे घालण्याचं ते कसब बघून शिकता येण्याजोगं आहे. गुपित ताणात आहे. दोरा सतत थोडा ताणलेला ठेवायचा, कागदाच्या कडा त्याखाली दबतात आणि गोंदाची गरज उरत नाही. गोंद हवाच असेल तर चमचाभर कणीक पाण्यात कालवून मंद आचेवर ढवळा, खळ तयार होते. ती टिकावी म्हणून काही जण त्यात मोरचूद घालतात. घरच्या भेटीसाठी ते विष कशाला? आजची खळ आजच वापरून टाका.

खाकी कागद फार कोरा वाटला तर तांदूळ भिजवून वाटलेल्या पिठाने त्यावर ठिपके द्या आणि रांगोळीसारखे जोडा. वाळल्यावर पांढरी रेघ उठून दिसते. हळदीचा रंग सुंदर येतो पण उन्हात उडतो, गेरू टिकतो. मुलांना बोलवा. त्यांची रेघ वाकडी आली तर ती तशीच ठेवा.

पानांविषयी थोडंच. केळीचं पान विस्तवावरून हलकेच फिरवलं की मऊ होतं आणि घडीवर चिरत नाही. मधला दांडा आधी काढून टाकायचा. बांधायला सोपटाचा दोर. फुलवाल्याने हिरव्या पानात बांधलेला गजरा घरी येतो तेव्हा पानातला ओलावा फुलांना जपत आलेला असतो. कोकणात आणि गोव्यात हळदीच्या पानात पातोळ्या उकडतात. नागपंचमीला हिंदू घरांत होतात, पंधरा ऑगस्टच्या सणाला ख्रिस्ती घरांत. पान खात नाहीत, सोलून बाजूला ठेवतात, पण त्याचा वास आतल्या पिठात उतरलेला असतो. अशी वेष्टनं वस्तूला स्वतःतलं काही देऊन जातात. साडी भेट द्यायची असेल तर तिच्या कागदाच्या घडीत वाळ्याची जुडी किंवा सुकलेला बकुळीचा हार ठेवा, एवढ्यानेही ते साधतं.

वर चिठ्ठी हवी. नाव पेनाने लिहा, सावकाश, अक्षर वाईट असलं तरी. जे नाव तुम्ही हाक मारताना वापरता तेच लिहा. पाकिटावरचं पूर्ण नाव परकं वाटतं. लोणच्याच्या बरणीवर ते कधी घातलं आणि कधीपासून खायला काढायचं तेही लिहा, हे त्या माणसाच्या कामाचं आहे. चिठ्ठीसाठी हातकागद मिळाला तर फार चांगलं. सुती चिंध्यांच्या लगद्यापासून तो करतात. म्हणजे जुनं कापडच पुन्हा तुमच्या हाताखाली आलं.

आता बांधलेली वस्तू मांडीवर घ्या आणि ती देण्याचा क्षण मनात आणा. आपल्याकडे पाहुण्यांसमोर भेट उघडत नाहीत अशी पुष्कळ घरं आहेत. ती हातात घेतली जाते, देवापुढे किंवा कपाटावर ठेवली जाते, चहा होतो, गप्पा होतात. उघडतात ते तुम्ही गेल्यावर. म्हणजे ज्या हातांसाठी हा सगळा विचार केला ते हात गाठ सोडताना तुम्हाला दिसणारच नाहीत. याने मन खट्टू होतं का? होत असेल तर ते पाहा. कौतुक ऐकायची इच्छा त्यात किती आहे, आणि त्या माणसाला सोपं जावं ही इच्छा किती, हे तुमचं तुम्हालाच कळेल. दोन्ही असतात. पहिलीबद्दल स्वतःवर रागावण्याचं कारण नाही.

ओटी भरण्याचा विधी या वेळी आठवून बघा. नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, खण हे सगळं उघडंच असतं. घेणारी पदर पुढे धरते आणि देणारी त्यात घालते. इथे वेष्टन घेणारीचं स्वतःचं असतं, तिच्या अंगावरचं. ती ते पदरात घेते, सांभाळून कमरेशी धरते, आणि वाकून नमस्कार करते. कुठलाही कागद याच्या जवळपास पोचत नाही. काही भेटी अशाच उघड्या द्याव्यात. संक्रांतीचं वाण, अंगणातली फुलं, झाडाचे आंबे. सगळंच बांधलं पाहिजे असं नाही, आणि हे कळण्यासाठीही कधीतरी निवांत बसून बांधून बघावं लागतं.

बरणीबरोबर गेलेला रुमाल परत आला पाहिजे अशी अट घालू नका. जपानमध्ये तबकातल्या भेटीवर फुकुसा नावाचं भरतकामाचं वस्त्र झाकून नेण्याची रीत होती; घेणाऱ्याने ते न्याहाळायचं आणि परत करायचं. आपल्याकडे नैवेद्याच्या किंवा फराळाच्या ताटावर विणलेला रुमाल झाकून शेजारी पाठवतात, तोही ताटाबरोबर परत येतो. आणि ताट रिकामं येत नाही. रिकामं भांडं परत करू नये म्हणून निदान चमचाभर साखर तरी त्यात घालतात. तुमचा रुमाल आला नाही, तर घेणारीच्या घरी दुसऱ्या कशाला तरी तो उपयोगी पडला असं समजा. आला, तर त्यात काय बांधून आलं आहे ते नंतर बघा; कढीपत्ता असेल, परसातली चार लिंबं असतील, धुतलेली बरणीही असेल. आधी तिची गाठ बघा. टोक कुठल्या बाजूला सोडलं आहे, किती लांब सोडलं आहे, दोन वेढे आहेत की एकच. तिने तुमच्या हातांचा काय अंदाज केला आहे ते त्यावरून कळेल.